आधी प्लेअर, मग मुखपृष्ठ: नाटक-कीर्तनांची व्हिडिओ वेबसाइट वापरायला सोपी कशी करावी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संस्थेकडे नाटकांची, कीर्तनांची आणि व्याख्यानांची रेकॉर्डिंग्ज आहेत आणि ती तुम्ही स्वतःच्या वेबसाइटवर दाखवता. लोक येतात, पण बरेच जण व्हिडिओ सुरू होण्याआधीच किंवा पहिल्या काही मिनिटांत निघून जातात. म्हणून मुखपृष्ठ नव्यानं करायचं आहे, डार्क थीम आणायची आहे आणि जमलं तर ॲपही काढायचं आहे. पैसे बेताचे आणि कोडिंग करणारा एकच मुलगा.

मुखपृष्ठाला तूर्त हात लावू नका. तुमच्या ॲनालिटिक्समध्ये (वेबसाइटवरच्या ये-जा मोजणाऱ्या नोंदींत) पाहुणे पहिल्यांदा कोणत्या पानावर उतरतात ते बघा. अशा वेबसाइटवर बहुतेक माणसं व्हॉट्सॲपवर आलेल्या लिंकवरून किंवा गुगलवरून थेट व्हिडिओच्या पानावर येतात. मुखपृष्ठ पाहतात ते संस्थेचे पदाधिकारी आणि ते बनवणारा डिझायनर. त्यामुळे सगळ्या बैठका मुखपृष्ठावर होतात, आणि प्रेक्षक ज्या पानावर वैतागतो त्या पानाचा विषयही निघत नाही. पैसे बेताचे असतील तर ते लिंक दाबल्यापासून पहिलं चित्र दिसेपर्यंतच्या वेळावर, प्लेअरवर आणि अर्धवट राहिलेला व्हिडिओ पुन्हा सापडण्यावर लावा. बाकी सगळं मागून.

सुरुवात एका चाचणीनं करा. दोन-तीन वर्षं वापरलेला साधा अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा, वेबसाइटवरून लॉगआउट व्हा आणि स्वतःलाच व्हॉट्सॲपवर एखाद्या नाटकाची लिंक पाठवा. लिंक दाबा आणि दुसऱ्या फोनवर स्टॉपवॉच लावा. आवाजासकट चित्र सुरू व्हायला किती सेकंद लागले आणि त्याआधी किती गोष्टी बंद कराव्या लागल्या, एवढं कागदावर लिहा. ही चाचणी ऑफिसच्या वायफायवर, मोठ्या स्क्रीनवर, आधीच लॉगिन असलेल्या ब्राउझरमध्ये करून उपयोग नाही. तिथं सगळंच छान चालतं.

या सेकंदांचं मोल किती ते २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं. इंटरनेटवरून व्हिडिओ पोचवणाऱ्या अकामाई कंपनीच्या जाळ्यातून सुमारे २ कोटी ३० लाख वेळा व्हिडिओ पाहिले गेल्याच्या नोंदी त्यात तपासल्या होत्या. व्हिडिओ सुरू व्हायला दोन सेकंदांहून जास्त वेळ लागला की लोक सोडून जायला लागतात आणि पुढच्या प्रत्येक सेकंदाला सोडणाऱ्यांचं प्रमाण ५.८ टक्क्यांनी वाढतं, असं त्यात निघालं. आज लोकांचा धीर त्यापेक्षा वाढला असेल असं मला तरी वाटत नाही.

तुम्ही साध्या एमपी४ फाइल सर्व्हरवर ठेवून तिथूनच दाखवत असाल (लहान संस्था बहुधा तेच करतात) तर एक दुरुस्ती आजच होईल. एमपी४ फाइलमध्ये ‘मूव्ह’ नावाचा एक भाग असतो. कोणती फ्रेम फाइलमध्ये कुठे आहे याची अनुक्रमणिका त्यात असते. रेकॉर्डिंग संपेपर्यंत ही अनुक्रमणिका पूर्ण होत नाही, म्हणून बरीच सॉफ्टवेअर ती फाइलच्या शेवटी लिहितात. ब्राउझरला मात्र ती मिळाल्याशिवाय पहिली फ्रेमसुद्धा दाखवता येत नाही. मग तो आधी सुरुवातीचा तुकडा मागतो, तिथं काही सापडत नाही म्हणून फाइलच्या शेपटाकडे जातो आणि मग पुन्हा पुढं येतो. सर्व्हर फाइलचे असे तुकडे देणारा नसेल तर अख्खी फाइल उतरेपर्यंत प्रेक्षकासमोर गोल फिरत राहतं. एफएफएमपेग या व्हिडिओ फाइलींवर काम करणाऱ्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ‘फास्टस्टार्ट’ हा पर्याय देऊन फाइल नुसती कॉपी केली की हा भाग पुढं येतो. व्हिडिओ पुन्हा एनकोड होत नाही, दर्जा तसाच राहतो आणि एका फाइलचं काम काही क्षणांत उरकतं. रात्री सगळ्या फाइलींवर चालवून ठेवा.

खरा उपाय अर्थातच एचएलएस. एकाच व्हिडिओच्या तीन-चार दर्जांच्या प्रती करून त्यांचे काही सेकंदांचे तुकडे ठेवायचे आणि जाळ्याच्या वेगाप्रमाणे प्लेअरनं प्रत बदलत राहायची. ॲपलनं हे २००९ साली आणलं. आज बहुतेक सगळे प्लेअर ते वाचतात. कोडिंग करणाऱ्या मुलाला फक्त एवढं सांगा की पहिला तुकडा हलक्या दर्जाचा द्यायचा. पहिले काही सेकंद चित्र जरा धूसर असलं तर कुणी तक्रार करत नाही, काळा पडदा दिसला तर माणूस मागं जातो.

कीर्तनं आणि व्याख्यानं यांच्यासाठी याच व्यवस्थेत नुसत्या आवाजाची एक प्रत ठेवा. हिशेब करून बघा: ६४ केबीपीएसनं एका तासाचं कीर्तन सुमारे २९ एमबीत मावतं, तेच दोन एमबीपीएसच्या चित्रासह ९०० एमबीच्या आसपास जातं. कीर्तन ऐकणारी माणसं फोन कट्ट्यावर ठेवून भाजी निवडत असतात. त्यांना ‘फक्त आवाज’ असं बटण हवं. फोन लॉक केल्यावरही आवाज चालू राहायला हवा आणि लॉक स्क्रीनवर थांबवायची सोय हवी. क्रोम, सफारी दोन्हींत हे वेबसाइटला करता येतं, त्यासाठी ॲपची गरज नाही.

पानाच्या वजनाबद्दल यूट्यूबची एक गोष्ट प्रसिद्ध आहे, ती तुमच्या समितीला जरूर सांगा. २००९ साली तिथल्या एका अभियंत्यानं व्हिडिओचं पान १.२ एमबीवरून १०० केबीच्या आत आणलं. ते थोड्या लोकांना देऊन बघितलं, तर पान उघडायचा सरासरी वेळ कमी होण्याऐवजी वाढला. कारण शोधल्यावर कळलं की आग्नेय आशिया, आफ्रिका, दक्षिण अमेरिका अशा भागांतले, ज्यांना आजवर ते पान उघडताच येत नव्हतं असे लोक नव्यानं येऊ लागले होते. त्यांना हलकं पानही दोन मिनिटांत उघडत होतं, पण आधीचं तर वीस मिनिटं घेत असे. तेव्हा सुधारणा केल्यावर तुमचीही सरासरी बिघडली तर घाबरू नका, आधी कोण लोक वाढले ते बघा. मी तर सरासरी बघतच नाही. शंभर जण कमी वेळ ते जास्त वेळ असे रांगेत लावले तर त्यांतल्या पंचाहत्तराव्या माणसाला किती वेळ लागला ते बघतो.

आता पहिल्या चित्राच्या आड येणाऱ्या गोष्टी. तुमच्या पानावर मला कुकीची पट्टी, ‘नोटिफिकेशन पाठवू का?’ असा प्रश्न आणि लॉगिनची खिडकी अशा तीन गोष्टी एकापाठोपाठ दिसल्या. नोटिफिकेशनचा प्रश्न काढूनच टाका. पाहुणा उंबऱ्यात उभा असताना त्याला पुढच्या वेळी कधी येणार विचारण्यातला तो प्रकार आहे. शेवट गाठलेल्या माणसाला ‘नवं नाटक आलं की कळवू का?’ असं विचारलंत तर तो हो म्हणेल.

लॉगिन हवंच असेल तर आधी काही मिनिटं बघू द्या आणि मग मागा. मोबाइल नंबर आणि ओटीपी एवढंच पुरे. ओटीपीच्या चौकटीत आकड्यांचा कीबोर्ड उघडला पाहिजे आणि एसएमएसमधला आकडा फोननं आपणहून सुचवला पाहिजे. कीबोर्डसाठी एचटीएमएलचा (पान ज्या भाषेत लिहितात तिचा) एक ॲट्रिब्यूट पुरतो, आकडा सुचवण्यासाठी आयफोनवर दुसरा. आणि ओटीपी दिल्यावर माणूस ज्या व्हिडिओच्या ज्या सेकंदावर होता तिथंच परत आला पाहिजे. तुमच्याकडे तो मुखपृष्ठावर जाऊन पडतो. तुमची निम्मी गळती इथंच होत असेल अशी मला शंका आहे. किती लोक ओटीपी देऊन पुन्हा व्हिडिओपर्यंत पोचले हे मोजून बघा, शंका खरी की खोटी ते कळेल.

आपोआप सुरू होण्याचा एक घोळ आहे, तो कोडिंग करणाऱ्याला सहसा दिसत नाही. एप्रिल २०१८ मध्ये आलेल्या क्रोमच्या ६६व्या आवृत्तीपासून आवाजासकट व्हिडिओ आपोआप सुरू करायला बंदी आहे, माणसानं आधी त्या वेबसाइटवर कुठेतरी क्लिक किंवा टॅप केलेलं असलं पाहिजे. तुमच्याकडचा मुलगा मुखपृष्ठावरून चित्रावर क्लिक करून तपासतो, म्हणजे क्लिक झालेलं असतं आणि त्याच्याकडे सगळं सुरळीत चालतं. व्हॉट्सॲपवरून थेट आलेल्या माणसानं काहीच दाबलेलं नसतं, त्यामुळे त्याच्याकडे व्हिडिओ अडतो किंवा मुका सुरू होतो. मुक्या नांदीकडे तो मिनिटभर बघतो आणि ‘आवाज येत नाही’ म्हणून लिंक पाठवणाऱ्यालाच फोन करतो. माझं मत: थेट आलेल्यांसाठी ऑटोप्ले नकोच. स्वच्छ पोस्टर, मधोमध मोठं प्ले बटण, खाली किती तास-मिनिटांचं आहे ते. एक टॅप करायला कुणाची ना नसते.

प्लेअरची बटणं तुमच्याकडे फारच लहान आहेत. अँड्रॉइडच्या मार्गदर्शनात बोटासाठी ४८ डीपीची (डीपी हे स्क्रीनवरची मापं मोजायचं अँड्रॉइडचं एकक) जागा सांगितलेली आहे, ॲपल ४४ पॉइंट म्हणते. वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या डब्ल्यूसीएजी या नियमावलीच्या २०२३ मधल्या २.२ आवृत्तीनं किमान २४ पिक्सेल ठरवलेत, पण ते अगदीच किमान. तुमचा प्रेक्षक साठीच्या पुढचा आहे हे लक्षात घेऊन मी ४८च्या खाली जाणार नाही. चिन्ह लहान दिसलं तरी चालेल, त्याच्याभोवतीची दाबायची जागा मोठी हवी. दुसरं म्हणजे बटणं तीन सेकंदांत गायब होतात. तरुण माणसाला ते बरोबर वाटतं. चष्मा सावरून बटण शोधणाऱ्या माणसाचं बोट पोचेपर्यंत बटण गेलेलं असतं, मग त्याचा टॅप भलतीकडेच लागतो. पाच-सहा सेकंद ठेवा, आणि व्हिडिओ थांबवलेला असताना बटणं कधीच लपवू नका.

आता पट्टी, म्हणजे जिच्यावर बोट सरकवून पुढं-मागं जायचं ती. अडीच तासांचं नाटक म्हणजे ९००० सेकंद. उभ्या फोनची रुंदी धरा ३६० पिक्सेल. म्हणजे पट्टीवरचा एक पिक्सेल २५ सेकंदांचा झाला. बोटाचा ठसा सहज चाळीस पिक्सेल व्यापतो, म्हणजे एका बोटाखाली सोळा-सतरा मिनिटांचं नाटक झाकलं जातं. अशा पट्टीवर ‘तो प्रवेश’ पुन्हा शोधून दाखवा! यूट्यूबवरच्या दहा मिनिटांच्या व्हिडिओला जी पट्टी पुरते ती तुम्ही तशीच उचलली आहे, आणि तुमच्याकडचा माल तर तासांच्या हिशेबातला आहे.

मोठ्या वेबसाइट यावर पट्टीच्या वर छोटी चित्रं दाखवतात. तुमच्या बाबतीत त्यांचा उपयोग कमी. चित्रपटात दर दोन मिनिटांनी जागा बदलते, म्हणून छोट्या चित्रावरून ठिकाण कळतं. नाटकात अख्खा अंक एकाच दिवाणखान्यात चालतो आणि कीर्तनात बुवा दोन तास एकाच जागी उभे असतात. पन्नास चित्रं काढली तरी पन्नासही सारखीच. म्हणून तुम्ही विभागांची नावं द्या: पहिला अंक, मध्यंतर, दुसरा अंक, त्यांखाली प्रवेश. कीर्तनाला नमन, पूर्वरंग, नामजप, उत्तररंग. व्याख्यानाला विषय आणि शेवटी प्रश्नोत्तरं. ही यादी व्हिडिओच्या खाली साध्या ओळींत ठेवा, प्रत्येक ओळीपुढे वेळ, ओळ दाबली की तिथं उडी. हे काम यंत्राकडून नीट होत नाही, पण नाटक माहीत असलेला तुमचा एखादा कार्यकर्ता तासाभरात एका नाटकाचं करून देईल. मध्यंतराच्या ठिकाणी ‘मध्यंतर वगळा’ असं बटण टाका. रेकॉर्डिंगमधली ती रिकाम्या पडद्याची दहा मिनिटं बघायला कुणीच बसत नाही, आणि तिथंच बरेच जण नाटक संपलं समजून खिडकी बंद करतात.

पुढं-मागं दहा सेकंद जायची बटणं ठेवा. चित्राच्या डाव्या-उजव्या बाजूला दोनदा टॅप करायची सवय आता सगळ्यांना लागली आहे, तीही चालू द्या, पण दिसणारं बटण काढू नका. आडव्या फोनबद्दल: फुल स्क्रीन केल्यावर अँड्रॉइडच्या क्रोममध्ये चित्र आपोआप आडवं करता येतं, आयफोनच्या सफारीत तसं करता येत नाही, तेव्हा त्यासाठी दिवस घालवू नका. आयफोनवर व्हिडिओ पानातच चालावा यासाठी ‘प्लेजइनलाइन’ लिहिलेलं आहे ना, तेवढं बघा.

लॅपटॉपवर बघणाऱ्यांसाठी कीबोर्ड. स्पेसबारनं थांबणं-चालू होणं सगळ्यांना अपेक्षित असतं, पण तुमच्या प्लेअरमध्ये आवाजाच्या बटणावर एकदा क्लिक केलं की फोकस (म्हणजे कीबोर्डची कळ पानातल्या कोणत्या भागाला लागू पडते ते) तिथंच राहतो आणि नंतर स्पेसबार दाबला की व्हिडिओ थांबण्याऐवजी आवाज बंद होतो. फोकस पानात दुसरीकडे असला तर पानच खाली सरकतं. माउसनं बटण दाबल्यावर फोकस प्लेअरच्या मुख्य चौकटीकडे परत द्या. मात्र टॅब कळीनं फिरणाऱ्यांचा फोकस हलवू नका, डोळ्यांनी न दिसणारी माणसं तशीच फिरतात.

अर्धवट सोडलेलं पुन्हा सुरू करणं हा तुमच्या वेबसाइटचा प्राण असायला हवा, आणि ते तुमच्याकडे नाहीच. अडीच तास एका बैठकीत कुणी बघत नाही. आज पहिला अंक, उद्या जेवताना दुसरा. उद्या आलेल्या माणसाला व्हिडिओ पुन्हा शून्यापासून दिसला आणि त्या एका पिक्सेलला २५ सेकंदांच्या पट्टीवर जागा शोधावी लागली, तर तो परवा येणार नाही. यासाठी लॉगिनही लागत नाही. त्याच फोनच्या ब्राउझरमध्ये दर काही सेकंदांनी वेळ साठवत राहा. पान बंद होतानाच साठवू असं म्हणू नका, कारण मोबाइलवर पान बंद होण्याची वर्दी ब्राउझर प्रत्येक वेळी देतोच असं नाही. पान नजरेआड गेल्याची वर्दी जास्त भरवशाची, तेव्हाही एकदा साठवा. परत सुरू करताना सोडलं त्याच्या दहा-पंधरा सेकंद आधीपासून सुरू करा, वाक्याच्या मध्यात कुणाला सोडू नका. आणि ‘पूर्ण पाहिलं’ ही खूण शंभर टक्क्यांवर ठेवू नका, शेवटी आभार आणि कलाकारांची ओळख असते, लोक त्याआधीच उठतात. पडदा पडला की पूर्ण.

एक संपल्यावर दुसरं आपोआप सुरू करण्याबद्दल विचारलं आहे. मालिकेला ते ठीक आहे. शोकांतिका संपल्यावर पाच सेकंदांत फार्स सुरू झाला तर मी लॅपटॉप मिटेन. नेटफ्लिक्सनंही २०२० साली पूर्वदृश्यं (प्रिव्ह्यू) आपोआप सुरू होणं बंद करायचा पर्याय दिला, तोही लोक सतत कटकट करत होते म्हणून. तुम्ही शेवटी त्याच नाटककाराची किंवा त्याच बुवांची तीन-चार नावं दाखवून गप्प बसा.

आता मराठीपुरत्या खास गोष्टी. इथं परदेशी टेम्पलेटचा (वेबसाइटच्या तयार साच्याचा) काही उपयोग नाही, म्हणून जरा सविस्तर.

तुमच्या कार्डांवर नाटकांची नावं कापली जातात ती दोन प्रकारांनी. टेम्पलेटमध्ये ओळीची उंची अक्षराच्या आकाराच्या १.२ पट आहे. रोमन अक्षरांना ती पुरते. देवनागरीत वर रफार, वेलांट्या, अनुस्वार आणि खाली उकार, जोडाक्षरांच्या शेपट्या, त्यामुळे चौकटीच्या कडेला ‘र्की’चा माथा उडतो नाहीतर ‘द्धू’चा तळ. दीड ते १.६ ठेवा. दुसरा प्रकार जास्त वाईट: लांब नाव ठरावीक वर्णांनंतर कोडनं तोडून पुढं टिंबं लावली आहेत. कोड मात्रा आणि हलन्तसुद्धा वेगळे वर्ण म्हणून मोजतो, त्यामुळे ‘ज्ञानेश्वरी’ आठव्या वर्णावर तुटली तर ‘ज्ञानेश्…’ असं पाय मोडलेलं काहीतरी उरतं. तोडायचं काम सीएसएसला (पानाचं रूप ठरवणाऱ्या भाषेला) करू द्या, दोन ओळींनंतर ते स्वतःच नीट थांबतं. टेम्पलेटमध्ये शीर्षकांना अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असतं, तेही शून्य करा. त्यानं शिरोरेघ तुटून शब्दाचे तुकडे होतात.

पानाच्या एचटीएमएलमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवा. आता तिथं इंग्रजी लिहिलेलं आहे. तेवढ्या बदलानं स्क्रीन रीडर (न दिसणाऱ्यांना पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) मराठी आवाज निवडू शकतो आणि ज्या फाँटमध्ये सोय आहे त्यात ‘ल’ आणि ‘श’ मराठी वळणाचे उमटतात. फाँटचं म्हणाल तर मुंबईच्या एक टाइपचा मुक्त मिळणारा ‘मुक्ता’ लहान आकारातही नीट वाचता येतो, मी बहुधा तोच वापरतो.

सबटायटल मराठी नाटकाला मराठीच कशाला, असं समितीत कुणीतरी विचारेलच. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी, लोकलमध्ये इअरफोनशिवाय बघणाऱ्यांसाठी, आणि जुन्या रेकॉर्डिंगमध्ये मागच्या बाजूच्या नटाचं वाक्य कळत नाही म्हणून. शिवाय पुण्या-मुंबईबाहेर वाढलेली, न्यू जर्सीत किंवा लंडनमध्ये जन्मलेली मुलं आजीबरोबर बघायला बसतात, त्यांना इंग्रजी सबटायटल लागतं. दोन्ही वेगळ्या फाइलींत ठेवा, चित्रावर कायमचं छापू नका, म्हणजे अक्षर मोठं करता येतं आणि बंदही करता येतं. अक्षरांमागे अर्धपारदर्शक काळी पट्टी द्या. नाटकातल्या पांढऱ्या धोतरावर पांढरी अक्षरं वाचता येत नाहीत. यंत्रानं काढलेलं सबटायटल अभंगांवर हमखास घसरतं, कीर्तनाचं माणसाकडून तपासून घ्या.

शोध ही तुमची सगळ्यात दुबळी बाजू आहे. मी ‘किर्तन’ टाकलं, एकही निकाल आला नाही. ‘कीर्तन’ टाकलं तर पान भरून आले. प्रेक्षकाला शुद्धलेखन शिकवणं हे शोधाच्या चौकटीचं काम नव्हे. शोधासाठी प्रत्येक शीर्षकाची एक वेगळी प्रत तयार करा आणि तिच्यात ऱ्हस्व-दीर्घ एकच करून टाका. प्रेक्षकानं टाइप केलेल्या शब्दावरही तेच करा, मग दोन्ही जुळतात. लोकांना दिसणारं शीर्षक जसंच्या तसं शुद्ध राहतं.

त्याच प्रतीत आणखी दोन गाठी सोडवायच्या आहेत. ‘ॲ’ हे अक्षर युनिकोडमध्ये (संगणकातल्या अक्षरांच्या संकेतांच्या जागतिक यादीत) २००८ साली स्वतंत्र संकेत म्हणून आलं, पण ‘अ’वर चंद्र देऊनही तसंच दिसणारं अक्षर उमटतं. डोळ्यांना दोन्ही एकच, संगणकाला दोन वेगळे शब्द. सारख्या दिसणाऱ्या संकेतांना एकरूप करणारं युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरण चालवलं तरी ही जोडी एक होत नाही, ती हातानं एक करावी लागते. तसंच ‘दुसऱ्या’मधला ‘ऱ्य’. काही कीबोर्ड तिथं ‘ऱ’ घालतात, काही साध्या ‘र्’पुढे न दिसणारा जोडचिन्हाचा संकेत घालतात. शोधाच्या प्रतीत तो न दिसणारा संकेत काढून टाका आणि ‘ऱ’चा ‘र’ करा. तुमच्या यादीत वेगवेगळ्या माणसांनी वेगवेगळ्या कीबोर्डांवर शीर्षकं भरली आहेत, त्यामुळे ही गडबड तुमच्या स्वतःच्या डेटाबेसमध्येच आहे.

शिवाय बरेच जण रोमन अक्षरांत शोधतात, कुणी ‘की’साठी एक आय घालतो, कुणी दोन ई. प्रत्येक शीर्षकाला आणि कलाकाराला दोन-तीन रोमन रूपं जोडून ठेवा. आणि ज्या शोधांना काहीच निकाल मिळाला नाही त्यांची यादी दर सोमवारी काढून वाचा. सर्वेक्षण करण्यापेक्षा ती यादी जास्त बोलते: लोकांना काय हवंय आणि ते त्याला काय म्हणतात, दोन्ही तिच्यात असतं.

एवढं झाल्यावर मुखपृष्ठ. ते सोपं आहे. वरचा आपोआप फिरणारा मोठा फलक काढा, तो वाचेपर्यंत सरकतो. सगळ्यात वर ‘अर्धवट राहिलेलं’, मग शोध, मग नाटक, कीर्तन, व्याख्यान असे तीन साधे भाग. प्रत्येक कार्डावर नाव, मुख्य कलाकार, साल आणि लांबी. नाव चित्रात कोरू नका, चित्राखाली अक्षरांत लिहा. नेटफ्लिक्सच्या दोन अधिकाऱ्यांनी २०१५ साली लिहिलेल्या लेखात म्हटलं होतं की माणूस दहा ते वीस शीर्षकं चाळून साठ ते नव्वद सेकंदांत कंटाळतो. त्यांच्याकडे निवड करून देणारी यंत्रणा आहे, तुमच्याकडे नाही, म्हणून तुम्ही कमी आणि स्पष्ट दाखवा. ‘एका तासाच्या आतलं’ अशी एक गाळणी द्या, ती फार वापरली जाते.

डार्क थीम व्हिडिओच्या पानापुरती चांगली, चित्राभोवती अंधार बरा वाटतो. फक्त काळ्यावर राखाडी अक्षरांची फॅशन नको. डब्ल्यूसीएजीप्रमाणे साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा फरक किमान ४.५ ला १ असा लागतो, तुमच्या नमुन्यातली राखाडी त्यात बसत नाही.

बदल करताना पाच माणसं बसवा, त्यांतली तिघं साठीच्या पुढची. ‘कशी वाटली वेबसाइट?’ असं विचारू नका, सगळे ‘छान’ म्हणतात. त्यांना काम द्या: ही लिंक उघडा, दुसरा अंक लावा, बंद करा, आता परत तिथंच या. आणि तुम्ही तोंडातून शब्द काढू नका. मदत करायला हात शिवशिवतील, मागं ठेवा.

ॲपचं सांगायचं तर आत्ता नको. गुगलकडे एकदाच २५ डॉलर, ॲपलकडे दरवर्षी ९९ डॉलर, ही रक्कम मोठी नाही. खरा खर्च दोन ॲप आणि एक वेबसाइट अशा तीन जागी प्रत्येक दुरुस्ती करण्याचा आहे, आणि तुमच्याकडे माणूस एकच आहे. ॲप मागणाऱ्या प्रेक्षकांना विचारून बघा, त्यांतल्या बहुतेकांना ते टीव्हीवर बघायला हवं असतं. त्यासाठी प्लेअरमध्ये टीव्हीवर पाठवायचं बटण टाका, गुगलचं कास्ट आणि ॲपलचं एअरप्ले दोन्हींसाठी. ते बटण फुल स्क्रीनच्या शेजारी, ४८च्या मापात, आणि खाली स्पष्ट अक्षरांत ‘टीव्हीवर पाहा’. नुसत्या चिन्हावरून ते कशाचं आहे हे तुमच्या प्रेक्षकाला कळणार नाही.